माझ्या भावाच्या लेकीचं वय कोर्ट मोजणार की नाही?

पत्र (नाव-गाव गाळलंय, थोडं छोटं केलंय):

नमस्कार वकीलताई, आम्ही सातारा जिल्ह्यातले. जून २०१९ मध्ये पेरणीच्या आधी बांधावरून माझ्या भावाची आणि आमच्या चुलत्याच्या मुलाची बाचाबाची झाली. त्याच्या हातात खोरं होतं, तेच त्यानं भावाच्या डोक्यात घातलं, दोनदा. चुलत्यानंच जीप आणली, सिव्हिलला नेलं, पण तिसऱ्या दिवशी भाऊ गेला. ज्यानं मारलं त्याला मी लहानपणापासून राखी बांधलीय, दादा म्हणते. तो तेव्हापासून आतच आहे. आता सेशन कोर्टानं त्याला दोषी धरलं पण ३०२ म्हणजे खुनात नाही, ३०४ भाग १ मध्ये, आणि शिक्षेवर ऐकायला पुढच्या आठवड्यातली तारीख दिलीय. गावात सगळे म्हणतात फाशी पाहिजे. इकडे चुलती रोज संध्याकाळी दारात येऊन बसते, म्हणते तू कोर्टात एवढंच सांग की आमचा राग नाही, त्याची दोन लेकरं लहान आहेत, आम्ही अर्धा एकर तुमच्या नावावर करून देतो. त्याचे वकीलही लेकरांचंच सांगणार म्हणे. माझ्या भावाची मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती, आता शाळेत जाते. तिचं वय कोर्ट मोजणार की नाही? कोर्ट नक्की काय काय बघतं? आणि शिक्षा कमी लागली तर आम्ही काय करायचं?

उत्तर:

अगं, तुझं पत्र तीनदा वाचलं. त्यातला लेकीच्या वयाचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे म्हणून तो आधी घेते, बाकीचं मग.

सरळ सांगायचं तर शिक्षा ठरवताना कोर्ट तुमचं नुकसान मोजत नाही, त्याचा दोष मोजतं. ऐकायला कठोर वाटेल पण हे डोक्यात बसलं नाही तर तारखेच्या दिवशी तू बाहेर येऊन म्हणशील की माझ्या भावाच्या जिवाची किंमत एवढीच का. ती किंमत नसतेच गं. त्यानं काय केलं, कसं केलं, कुठल्या मनानं केलं आणि तो माणूस कसा आहे, एवढ्याला किती वर्षं योग्य, हा तिथला हिशोब. तुमच्या घराचं काय झालं ते मोजायची कायद्यात जागा आहे, पण ती वेगळी आहे आणि आपण होऊन मागावी लागते, न मागितल्यास पुष्कळदा तशीच रिकामी राहते. तिच्यावर खाली येते.

आधी फाशीचं निकालात काढू. ३०४ मध्ये फाशी ही शिक्षाच नाही, त्यामुळे गावात कुणी काहीही म्हणो, न्यायाधीशांच्या हातातच ती नाही. ३०२ लागलं असतं तरी सुप्रीम कोर्टाच्या १९८० च्या बच्चन सिंग निकालापासून फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ केसमध्ये, जन्मठेप हा नियम आणि फाशी अपवाद, आणि बांधावरच्या रागाच्या भांडणात फाशी होणं जवळजवळ अशक्यच. लोकांना काय वाटतं यावरही ते ठरत नाही. मुंबईच्या शक्ती मिल सामूहिक बलात्काराच्या केसमध्ये सगळा देश पेटला होता, खालच्या कोर्टानं २०१४ साली तिघांना फाशी दिली, आणि २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टानं ती बदलून मरेपर्यंत जन्मठेप केली आणि लोकक्षोभावर शिक्षा ठरवता येत नाही हे स्पष्ट लिहिलं. तेव्हा गावातल्यांनी मोर्चाबिर्चा काढायचं डोक्यात घेतलं असेल तर थांबव त्यांना, उपयोग शून्य आणि चुलतीच्या वकिलाला बोलायला मुद्दा मिळेल.

आता ३०४ भाग १ म्हणजे काय ते समजून घे, कारण निकालात लिहिलेलं सगळं याच्यावर फिरतंय. कोर्टानं असं धरलंय की मारायचा किंवा जीव जाईल अशी इजा करायचा इरादा होता, पण ते सगळं अचानक उसळलेल्या भांडणात, आधी ठरवून न ठेवता, रागाच्या भरात झालं, म्हणून खून नाही तर सदोष मनुष्यवध. याला शिक्षा जन्मठेप, नाहीतर १० वर्षांपर्यंत कैद, आणि दंड. तुमची घटना २०१९ ची म्हणून जुना आयपीसीच, म्हणजे भारतीय दंड संहिताच लागणार. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत याच गुन्ह्याला किमान ५ वर्षं ठेवलीत, जुन्यात किमान अशी काही नाहीच. म्हणजे कागदावर बघितलं तर अगदी थोड्या वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत सगळं मैदान मोकळं. ३०२ असतं तर हा प्रश्नच आला नसता, तिथे जन्मठेपेच्या खाली जाताच येत नाही, मग दोन लेकरं असोत की दहा. तुमच्याकडे मैदान मोठं आहे म्हणून पुढच्या आठवड्यातली ती सुनावणी महत्त्वाची.

ही सुनावणी वेगळी का ठेवतात? दोषी धरल्यावर आरोपीला शिक्षेवर ऐकून घेणं बंधनकारक आहे, जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम २३५ (२). प्रत्यक्षात कित्येकदा दहा-पंधरा मिनिटांत आटपतं. मी स्वतः वीसेक वर्षं आरोपींच्या बाजूनं उभी राहिलेय, आणि "घरचा एकटा कमावता, म्हातारे आईवडील, लहान मुलं, पहिलाच गुन्हा" हे वाक्य इतक्यांदा म्हटलंय की शेवटी शेवटी आरती म्हटल्यासारखं व्हायचं, न्यायाधीश मान वर न करता लिहून घ्यायचे. त्यांनाही माहीत असतं, समोर येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला म्हातारे आईवडील आणि लहान मुलं असतातच. म्हणून त्या लेकरांना वजन असतं पण फार नाही, गंभीर गुन्ह्यात तर अगदी थोडं. तेव्हा चुलतीच्या नातवंडांच्या नावावर शिक्षा निम्मी होईल ही भीती काढून टाक.

वजन कशाला असतं ते सांगते. २००९ साली सुप्रीम कोर्टानं हरयाणातल्या एका केसमध्ये, डोक्यात काठीचा एक घाव बसून माणूस गेला होता, अशा भांडणात काय काय बघायचं याची यादीच देऊन ठेवलीय. जुनं वैर होतं का, प्रकार क्षणात घडला का, हत्यार कुठलं आणि केवढं, किती जोरात आणि कुठे मारलं, माणूस जागेवर गेला की काही दिवसांनी, आरोपीचं वय आणि तब्येत, आधीचे गुन्हे, भांडण घरातल्या-भावकीतल्या लोकांत आहे का, आणि मारल्यावर तो काय वागला, दवाखान्यात नेलं की पळाला. ही यादी शेवटची नाही असंही त्यांनी म्हटलंय.

आता तुमची केस या यादीवर धर. त्याच्या बाजूनं काय: खोरं शेतातलंच, घरून हत्यार घेऊन आला नव्हता, आधीचा गुन्हा नाही (असेल तर तू लिहिलं असतंस), नातं सख्ख्या चुलत भावाचं, भाऊ तिसऱ्या दिवशी गेला. आणि सहा वर्षांतलं जेलमधलं वागणं चांगलं असेल, तिथे काही शिकला असेल, काम केलं असेल तर तेही येईल, कारण माणूस सुधारू शकतो का हा प्रश्न बच्चन सिंगनंतर नुसता फाशीपुरता राहिलेला नाही, सगळीकडे विचारला जातो. त्याच्या विरुद्ध काय: घाव डोक्यात, आणि दोन. पहिला घाव रागात पडला म्हणता येतं पण पडलेल्या माणसावर दुसरा घालताना मध्ये क्षण दोन क्षण जातात ना, तिथे सरकारी वकिलानं बोट ठेवायला पाहिजे. भाऊ तेव्हा उभा होता की खाली पडला होता, त्याच्या हातात काही होतं का, हे साक्षीत आलंय का बघ. पीएम (शवविच्छेदन) रिपोर्टमध्ये दोन्ही जखमा कशा वर्णन केल्यात ते बघ.

आणि जीप. तू लिहिलंस जीप चुलत्यानं आणली. म्हणजे आरोपीनं नाही, त्याच्या वडिलांनी. हा मुद्दा "आम्ही लगेच दवाखान्यात नेलं" असा गोलमाल करून त्याच्या खात्यावर जमा करायचा प्रयत्न शंभर टक्के होणार, मी त्यांच्याकडून असते तर मीही केला असता. घटनेनंतर आरोपी स्वतः कुठे होता हे जजमेंटमध्ये असेल, तो परिच्छेद खूण करून सरकारी वकिलांना दाखव.

अजून एक बारीक पण कामाची गोष्ट. त्यांचा वकील पुन्हा पुन्हा म्हणणार की अचानक भांडण, रागाचा भर. अहो पण त्याच कारणानं तर ३०२ चं ३०४ झालंय! एक सवलत मिळून गेलीय, तीच परत दाखवून दुसरी कशी मागता, हे उत्तर सरकारी पक्षानं द्यायला हवं. कोर्ट ऐकेलच असं नाही, पण सांगितलंच नाही तर ऐकायचा प्रश्नच येत नाही.

एवढं सगळं सांगूनही आकडा मी सांगू शकत नाही, आणि कुणी ठामपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. आपल्याकडे कुठल्या गुन्ह्याला कुठल्या परिस्थितीत किती, असा तक्ता नाहीच. २००३ साली मलिमथ समितीनं शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वं करा म्हणून शिफारस केली, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानंच एका निकालात कबूल केलं की शिक्षा ठरवणं हा आपल्या फौजदारी न्यायातला सगळ्यात लंगडा भाग आहे. अजून तसंच चाललंय. एकाच जिल्ह्यात एका कोर्टात सात वर्षं आणि शेजारच्यात दहा असं मी बघितलंय, दोन्हीकडे कारणं व्यवस्थित लिहिलेली. मला विचारशील तर हा फरक अन्यायच आहे, पण तक्त्यानं तो जाईल असंही मला वाटत नाही, बांधावरचं प्रत्येक भांडण वेगळं असतं.

एक गणित मात्र आधीच करून ठेव म्हणजे त्या दिवशी धक्का बसणार नाही. तो २०१९ पासून आत आहे, ही सहा वर्षं शिक्षेतून वजा होतात, त्याला सेट-ऑफ म्हणतात. समजा १० वर्षं लागली तर उरतात चार, त्यातही जेलमधल्या कामाचे, चांगल्या वागणुकीचे माफीचे दिवस कमी होतात, शिवाय फर्लो, पॅरोलवर म्हणजे जेलमधून मिळणाऱ्या सुट्टीवर अधेमधे घरी येईल. म्हणजे तो दोन-तीन वर्षांत तुझ्या घरासमोरून चालत जाताना दिसू शकतो. जन्मठेप लागली तर तिचा अर्थ १४ वर्षं नव्हे, पूर्ण आयुष्य, हे गोपाळ गोडसेच्या केसमध्ये १९६१ सालीच सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, लवकर सुटका होते ती सरकारनं माफी दिली तरच. आणि तो जो १४ वर्षांच्या आत सोडायचं नाही असा नियम लोक सांगतात, तो ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते त्यातल्या जन्मठेपेला आहे, तुमच्या ३०४ ला तो तसा लागत नाही.

आता लेकीच्या वयाकडे येते.

सीआरपीसीत कलम ३५७ आणि ३५७-अ आहे, भरपाईची. पहिल्यात कोर्ट आरोपीकडून पैसे द्यायला लावू शकतं, दुसऱ्यात सरकारच्या योजनेतून, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत. आणि यावरचा सगळ्यात कामाचा निकाल महाराष्ट्रातल्याच केसमधला आहे, २०१३ चा, भांडण कशावरून तर कुत्र्यावरून! शेताजवळून जाताना एकाचं कुत्रं भुंकलं, दुसऱ्यानं त्याला लोखंडी पाइप मारला, मालकानं जाब विचारला, तोच पाइप मालकाच्या डोक्यात, माणूस गेला. त्यात सुप्रीम कोर्टानं ३०२ चं ३०४ भाग २ (भाग १ पेक्षाही हलकं) केलं, शिक्षा ५ वर्षांवर आणली (बघ, वजन कसं फिरतं ते), पण त्याचवेळी देशातल्या सगळ्या कोर्टांना बजावलं की भरपाईचा विचार करणं ऐच्छिक नाही, प्रत्येक केसमध्ये करायचाच, आणि दिली किंवा नाकारली तरी कारण लिहायचं. आरोपीची ऐपत काय याची चौकशीही त्यात आली.

तुझ्या भाचीचं वय इथे मोजतात. तिचं वय, वहिनीचं वय, भाऊ किती कमवायचा, सिव्हिलमधला खर्च, आई-वडिलांची औषधं, सगळं. म्हणून वहिनीचं प्रतिज्ञापत्र करा, मुलीचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, सातबारा, दवाखान्याची बिलं जोडा आणि शिक्षेच्या सुनावणीतच सरकारी वकिलामार्फत भरपाईचा अर्ज द्या. चुलत्याची जमीन किती आहे हे तुमच्याएवढं कुणाला माहीत? पण नाव कुणाचं ते बघा, जमीन चुलत्याच्या नावावर असेल तर ती आरोपीची ऐपत धरायची का यावर भांडण होईल, आरोपीच्या नावावर किंवा वाट्याला काय येतं ते लिहा. कोर्टानं काहीच केलं नाही किंवा रक्कम अगदीच कमी वाटली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं, मागितल्यावर चौकशी करून दोन महिन्यांत भरपाई ठरवायची असं कायद्यातच आहे. तिथे वकीलही फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अटच नाही, म्हणजे वहिनीला, तुला, आईला तिघींनाही.

तुमचा स्वतःचा वकील असेल तर तो सरकारी वकिलाच्या जागी उभा राहून केस चालवू शकत नाही, पण त्यांना मदत करू शकतो आणि कोर्टाच्या परवानगीनं लेखी म्हणणं देऊ शकतो. ते लेखी म्हणणं दोन पानांच्या वर नको. दुसरा घाव, घटनेनंतरची वागणूक, एक सवलत मिळून गेलीय हा मुद्दा आणि भरपाई, बस.

शिक्षा कमी लागली तर? इथे फार लोक फसतात. पीडिताच्या कुटुंबाला अपिलाचा हक्क २००९ पासून आहे, पण तो तीनच गोष्टींवर: आरोपी सुटला, कमी गंभीर कलमात दोषी धरला, किंवा भरपाई कमी दिली. नुसती शिक्षा कमी आहे म्हणून तुम्हाला अपील करता येत नाही, सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये हे स्पष्ट केलंय, ते अपील सरकारनं करायचं. पण तुमच्याकडे दुसरं दार उघडं आहे ना! ३०२ ऐवजी ३०४ धरलं, हेच कमी गंभीर कलम झालं, त्यावर तुम्ही स्वतः हायकोर्टात जाऊ शकता. जावं की नाही हा वेगळा प्रश्न. साक्षी नीट वाचून घ्या, डोळ्यांनी बघणारे साक्षीदार अचानक भांडण म्हणत असतील तर ३०२ परत येणं कठीण. आणि तोही अपील करणारच आहे हे धरून चाला, सरकारनं शिक्षा वाढवायला अपील केलं तर त्यातच तो मला सोडा असंही म्हणू शकतो. मुदत असते, म्हणून निकालानंतर पहिल्याच आठवड्यात वकील गाठा.

राहिली चुलती. ३०४ मध्ये तडजोड होत नाही, तू राग नाही म्हणालीस म्हणून केस मिटत नाही, कोर्ट फार तर एक बाजूची गोष्ट म्हणून बघेल. अर्धा एकर घेऊन तसं बोललीस तर मात्र उद्या सरकारी वकीलच काय, तुझी वहिनीही तुला विचारेल की कशाच्या बदल्यात. ती जमीन भाचीच्या नावावर करायचीच असेल तर त्यांनी कोर्टासमोर भरपाई म्हणून तसं म्हणावं, बिनशर्त, तुझ्या तोंडातून काही वदवून न घेता. दारात बसून ठरवू नकोस आणि कुठल्याही कागदावर सही करू नकोस, अगदी कोऱ्या स्टॅम्पवरसुद्धा लोकांनी सह्या केलेल्या बघितल्यात मी. त्रास वाढला, भावकीतले पोरगे येऊन दम द्यायला लागले तर सरकारी वकिलांना लगेच सांग, कोर्टाला कळवता येतं.

तुला खरंच राग नसेल तर? पत्रात तू ते कुठे लिहिलं नाहीस पण दादा हा शब्द तू चार ओळीत खोडून परत लिहिलायस, फोटोत दिसतंय. वाटलंच तर ते तुझ्या शब्दांत, तुझ्या इच्छेनं सांगता येतं, आणि काहीच न बोलणंही चालतं, कुणी तुला साक्षीला बोलावलेलं नाहीये. पण त्यावर त्याची वर्षं ठरणार नाहीत, तेवढं ओझं घेऊ नकोस.

तारखेच्या दिवशी वहिनीला घेऊन साडेदहाच्या आधी पोच, सरकारी वकिलांना कोर्टाचं काम सुरू व्हायच्या आधीच भेट, अकरानंतर ते सापडत नाहीत. अर्जाच्या तीन प्रती ने. निकाल ऐकला की त्याच दिवशी निकालाच्या नकलेचा अर्ज टाक, कारण अपिलाला, भरपाईला, सगळ्याला ती नक्कल लागते आणि नक्कल विभागात किती दिवस जातील सांगता येत नाही. बाहेरच्या बाकड्यावर चुलतीही बसलेली असेलच, सुना-नातवंडांना घेऊन. तिच्याशी बोलायचं असेल तर सुनावणी झाल्यावर बोल, आधी नको.